पाव गुंठ्याचे मामलेदार

जुन्नर आणि आंबेगाव या दोन तालुक्यांच्या बागायती पट्ट्यात राहून मनुष्याने घरामागच्या अंगणात कांदा लावावा, हे समुद्रकाठी राहणाऱ्याने परातीत खारे पाणी वाळवून मीठ करण्यासारखे आहे. येडगाव, माणिकडोह, वडज, पिंपळगाव जोगे आणि डिंभे ही कुकडी प्रकल्पाची पाच धरणे झाल्यापासून या मुलखात पाण्याला तोटा उरला नाही, असे पुढारी व्यासपीठावरून सांगतात, आणि तोटाच आहे, असे चारीच्या शेवटच्या टोकाचे शेतकरी पारावरून सांगतात. कांद्याला मात्र इकडे खरोखरच तोटा नाही. आळेफाटा, ओतूर आणि मंचर येथील बाजारांत तो गोण्यांच्या थप्प्यांनी येतो, ट्रक भरून बाहेर जातो, आणि उरलेला ठिकठिकाणच्या बराखीत भावाची वाट पाहत पडून राहतो. पाहुणा परत निघाला की तो नको नको म्हणत असता त्याच्या गाडीत अर्धी गोणी कांदा कोंबला जातो. अशा या मुलखात सहा फूट लांब आणि चार फूट रुंद वाफ्यात बरोबर १४४ कांदे लावून त्यांतील प्रत्येकाचे दप्तर ठेवणारा जो एक लहानसा परंतु निष्ठावंत वर्ग आहे, त्याचा परिचय करून देण्याचे मी योजिले आहे.

हा वर्ग निर्माण करण्याचे श्रेय सर्वस्वी सरकारकडे जाते. वयाची ५८ वर्षे भरताच सरकार आपल्या नोकरास शाल, श्रीफळ आणि चार भाषणे देऊन घरी पाठविते, आणि मराठीत ‘नारळ देणे’ या प्रयोगाला दुसराही एक अर्थ आहे, हे त्या नोकराच्या ध्यानात दुसऱ्या दिवशी सकाळी दहा वाजता, म्हणजे कचेरीच्या वेळेस, येते. त्या घटकेपासून त्याच्यापुढचे मार्ग मोजके असतात. आमच्या जुन्नरात कोणी पहाटे शिवनेरीच्या पायऱ्या चढू लागतो आणि खाली उतरल्यावर भेटेल त्याच्यापुढे मनगट धरून आपली नाडी मोजून घेतो. कोणी नाणेघाटातल्या शिलालेखाविषयी स्वतंत्र मत बनवितो आणि ते मत ऐकून घेणारा स्वतंत्र मनुष्य शोधीत हिंडतो. कोणी देवस्थानाचा विश्वस्त होतो, आणि नोकरीच्या भीतीने जन्मभर जी भांडणे करता आली नाहीत ती तेथे सवडीने करतो. यांपैकी काहीच ज्यांना झेपत नाही ते परसबागेकडे वळतात. परंतु त्यांतही भेद आहेतच. निवृत्त शिक्षक बागेत रमतो आणि निवृत्त पोस्टमास्तर बागेत खुर्ची टाकून झोपतो. महसूल खात्यातून निवृत्त झालेला मनुष्य मात्र बागेचा कारभार पाहतो.

माझे शेजारी भाऊसाहेब हे या शेवटच्या प्रकाराचे पूर्णावतार होत. त्यांचे खरे नाव गल्लीत कोणास आठवत नाही. कारण तलाठ्याला भाऊसाहेब म्हणण्याची आपल्याकडे रीतच आहे, आणि ते तलाठी म्हणून नोकरीत शिरले तेव्हा चिकटलेले हे नाव, मंडळ अधिकारी म्हणून बाहेर पडले तरी सुटले नाही. मधल्या काळात त्यांची पुष्कळशी नोकरी आंबेगाव तालुक्यात झाली. ज्या गावाच्या नावाने तालुका ओळखला जातो ते गाव डिंभे धरणाच्या पाण्याखाली, आणि त्या तालुक्याची कचेरी घोडेगावात, अशा मुलखात कागदाखेरीज अढळ असे काही नसते, हे तत्त्वज्ञान त्यांनी तेथेच संपादन केले असावे. मामलेदार होण्याचे तेवढे राहून गेले. ही सल त्यांनी कधी बोलून दाखविली नाही; निवृत्त होताच घरामागे स्वतःचा तालुका तेवढा स्थापन केला.

या तालुक्याचे क्षेत्र पाव गुंठा, म्हणजे २७२ चौरस फूट. घर गावठाणात असल्यामुळे जागेला मालमत्ता पत्रक आहे, सात-बारा नाही, आणि सात-बारावाचून जमीन म्हणजे कुंकवावाचून सुवासिनी, असे मानणाऱ्या भाऊसाहेबांना ही उणीव सहन होण्यासारखी नव्हती. तलाठ्याकडे गावाचे २१ नमुने असतात. त्यांतील निवडक नमुने त्यांनी दोनशे पानी वहीवर स्वतःच्या हाताने आखले. एके काळी हातकागदासाठी नावाजलेल्या या गावात कागदावरचे प्रेम हवेतच असते, असे म्हणून मी या वहीचे समर्थन करीत असतो. वहीत प्रत्येक वाफ्याला गट नंबर आहे. गट नंबर १ मध्ये मेथी आणि कोथिंबीर, २ मध्ये लसूण, ३ मध्ये कांदा, ४ मध्ये मिरची व चार वांगी, आणि कुंपणालगतच्या ५ मध्ये घेवडा, जो वस्तुतः कुंपण ओलांडून आमच्या हद्दीत फळतो व ज्याविषयी ‘फळे शेजाऱ्यांनी काढल्यास हरकत नाही, मात्र वहिवाट निर्माण होणार नाही’ असा लाल शाईतला शेरा आहे. धुण्याचा दगड, पाण्याची टाकी, शेवग्याचे झाड आणि तुळशीवृंदावन मिळून जे क्षेत्र लागवडीबाहेर राहते ते रिवाजाप्रमाणे पोटखराबा म्हणून दाखल झाले. तुळशीला पोटखराबा म्हटले म्हणून वहिनी दोन दिवस त्यांच्याशी बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी फेरफार मंजूर होऊन वृंदावनापुरते क्षेत्र ‘देवस्थान इनाम’ झाले.

वहिनींविषयी येथेच दोन शब्द लिहिले पाहिजेत. कारण या तालुक्यात रयत म्हणून त्या एकट्याच आहेत. त्या मूळच्या मंचरकडच्या, माहेरी कांद्याचे सहा एकर, त्यामुळे लग्नापूर्वीच त्यांचा आपल्या वाट्याचा कांदा काढून, कापून, निवडून झाला होता. ‘जन्मभर लोकांच्या जमिनी मोजल्या, आता माझं अंगण मोजतायत,’ एवढेच त्या म्हणतात, आणि भाजीला लागणारा कांदा आठवडे बाजारातून आणतात. कारण गट नंबर ३ मधला कांदा हा खाण्याचा जिन्नस नसून मुद्देमाल आहे, हे त्या अनुभवाने जाणतात.

भाऊसाहेबांचे वाचनही मोठे आहे. आपल्या परसबागेची परंपरा ते सातवाहन काळापर्यंत नेऊन भिडवितात. मानमोडी डोंगरातल्या लेण्यांत, करंजाची आणि वडाची झाडे लावण्यासाठी शेतांचे उत्पन्न दान दिल्याचे जे प्राचीन लेख आहेत, ते त्यांच्या मते या तालुक्यातील वृक्षलागवडीचे पहिले सरकारी मंजुरीपत्र होय. तेथून एका उडीत ते एकोणिसाव्या शतकात येतात, आणि मुंबई इलाख्याचे पहिले वनसंरक्षक डॉक्टर अलेक्झांडर गिब्सन यांची हिवऱ्यास जी सरकारी बाग होती, तिचे वर्णन असे करतात की, ऐकणाऱ्यास गिब्सनसाहेब भाऊसाहेबांचेच वरिष्ठ होते आणि त्यांनी यांच्या गोपनीय अहवालात चांगला शेरा लिहिला होता, असे वाटावे. यानंतरची उडी राजगुरुनगरास. १९९४ साली नाशिकला निघालेले कांदा-लसणाचे राष्ट्रीय संशोधन केंद्र १९९८ साली राजगुरुनगरला आले, आता ते संचालनालय झाले आहे, आणि भीमा शक्ती, भीमा किरण, भीमा श्वेता ही कांद्याची व भीमा ओंकार, भीमा पर्पल ही लसणाची वाणे तेथली, ही माहिती या भागातल्या पुष्कळांना आहे. परंतु एका वाफ्याच्या बियाण्यासाठी खांद्यास शबनम अडकवून, एसटीने जाऊन, सोबत आपल्या जमिनीचा हस्तलिखित सात-बारा घेऊन जाणारे भाऊसाहेब एकटेच असावेत.

शास्त्राविषयीची ही निष्ठा त्यांना एकदा महागात पडली. कांद्यावर फुलकिडे येतात, पातीतला रस शोषतात व पात वेडीवाकडी होते. ते वाऱ्याबरोबर येत असल्याने कांद्याच्या कडेने मक्याची दाट ओळ लावावी, म्हणजे त्यांना अटकाव होतो, ही शिफारस योग्यच आहे. भाऊसाहेबांनी ती शब्दशः पाळली. परंतु शिफारस करणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे एकराचे रान होते आणि भाऊसाहेबांचा वाफा चार फूट रुंद होता. चारही बाजूंनी मका डोक्याएवढा वाढला, त्याच्या सावलीत कांद्याची पात मोठ्या डौलाने उंच झाली, आणि काढणीच्या वेळी खाली सुपारीएवढ्या गाठी निघाल्या. कांद्याला पोसण्यासाठी ऊन लागते. ते ऊन मक्याने खाल्ले, मक्याची कणसे पोपटांनी खाल्ली, आणि वहीत शेरा पडला : ‘फुलकिड्यांचा उपद्रव आढळून आला नाही.’

लसणाचे प्रकरण त्या मानाने अधिक लोकाभिमुख असते. लसणाला थंडी मानवते, म्हणून त्याची लागण दिवाळीच्या सुमारास होते, आणि सुट्टीमुळे गल्लीतली पोरे मोकळी असतात. एका लाडवाच्या मोबदल्यात ती रोजंदारीवर घेतली जातात. ओट्यावर वर्तमानपत्र पसरून भाऊसाहेब गड्डे फोडतात. बाहेरच्या अंगाच्या टपोऱ्या पाकळ्या लागणीसाठी ‘मंजूर’, आतल्या बारीक पाकळ्या ‘नामंजूर’, म्हणजे स्वयंपाकघराकडे वर्ग. ही निवड शास्त्राला धरूनच आहे. मोठ्या पाकळीचा गड्डा मोठा होतो. मग प्रत्येक पोराच्या तळहातावर मोजून बारा पाकळ्या ठेवल्या जातात आणि चार-चार बोटांवर गाठी मारलेली सुतळी वाफ्यावर ताणली जाते.

“शेंडी वर, बूड खाली,” भाऊसाहेब वाफ्याच्या कडेला उकिडवे बसून सांगतात, “पाकळीचं निमुळतं टोक म्हणजे शेंडी. उलटी लावलीत तर कोंब वळसा घेऊन वर येतो आणि गड्डा वाकडा होतो. माणसासारखंच समजा, शेंडी वर, बूड खाली.”

यावर, सर्वांत लहान असलेल्या मुलीने भाऊसाहेबांच्या तुळतुळीत मस्तकाकडे बराच वेळ निरखून पाहिले आणि विचारले, “आणि ज्याला शेंडीच नाही त्याचं वर कोणतं, आजोबा?”

महसूल खात्यात यापेक्षा अवघड प्रश्न विधिमंडळातूनही आले नसतील. भाऊसाहेबांनी तिला लाडू आगाऊ अदा केला. संध्याकाळी मुले गेल्यावर कंदिलाएवढ्या प्रकाशाची बॅटरी घेऊन ते वाफ्यात उतरले, आणि प्रत्येक पाकळी हलकेच उपसून, उलटी असेल ती सुलटी करून, परत लावीत बसले. लसूण निघेपर्यंत पुढे साडेचार-पाच महिने असतात. परंतु ‘फेरतपासणी पूर्ण’ हा शेरा त्याच रात्री पडल्याशिवाय त्यांना झोप आली नसती.

तालुका म्हटला म्हणजे तंटे आले. त्यांतील बहुतेकांत प्रतिवादी आमची मांजर असते. एका सकाळी गट नंबर ३ च्या मऊ चिखलात पंजाचे ठसे उमटलेले दिसले. जुन्नरच्या रहिवाशास बिबट्याची आठवण होण्यास यापेक्षा कमी कारणही पुरते. उसाच्या आश्रयाने हे जनावर इकडे इतके बोकाळले आहे की, माणिकडोहला बिबट्यांसाठी निवारा केंद्र आहे आणि रात्रीच्या विजेवर पिकाला पाणी भरायला जाणारा शेतकरी हातात काठी आणि तोंडात देवाचे नाव घेऊनच बांधावर पाय ठेवतो. भाऊसाहेबांनी ठशांभोवती रांगोळीची हद्द आखली, मला आणि पेपर टाकणाऱ्या मुलाला पंच म्हणून उभे केले, आणि ठशाची लांबी-रुंदी फीत लावून नोंदविली : लांबी सव्वा इंच. एवढ्यात आमची मांजर भिंतीवरून उतरली, पंचांच्या देखत त्याच वाटेने चालत गेली, आणि जुन्या ठशांशेजारी नवे ठसे उमटवून निघून गेली. पंचनामा अर्धवट राहिला नाही. ‘सदर जनावर बिबट्या नसून तत्सम, वयाने लहान’ असा निष्कर्ष नोंदवून मी त्यावर सही केली.

भाऊसाहेबांकडे ज्यांचे पाय वरचेवर लागतात अशांत ओतूरकडचे एक आप्पा आहेत. नोकरीत असताना ज्या गावचे दप्तर भाऊसाहेबांनी पुष्कळ वर्षे सांभाळले, त्या गावचे हे खातेदार. ते खरे कांदा-बागायतदार. बराखीत शेकडो गोण्या. बाजाराच्या दिवशी जुन्नरात आले की ओट्यावर टेकतात, चहा घेतात, आणि भाऊसाहेबांच्या वाफ्याकडे, लहान मुलाच्या भातुकलीकडे मोठ्या माणसाने पाहावे तसे, कौतुकाने आणि सावधपणे पाहतात. आळेफाट्याच्या बाजारात कांद्याचा भाव दहा किलोंवर बोलला जातो, आणि गोळा कांद्याला एक, गोलटीला दुसरा, बदल्याला तिसरा असा तो उतरत जातो. भाऊसाहेबांनी एका कांद्यास ७० ग्रॅम धरून आपल्या वाफ्याचे प्रमाण उत्पन्न ठरविले ते सुमारे दहा किलो भरले. म्हणजे ज्या मापावर बाजाराची बोली सुरू होते तेथे यांचा सबंध हंगाम संपतो. ज्या वर्षी, म्हणजे २०२३ साली, डिसेंबरात कांद्याची निर्यात बंद झाली, त्या वर्षी आप्पा ओट्यावर येऊन कितीतरी वेळ नुसते बसून राहिले होते. भाऊसाहेबांनी त्यांच्या सांत्वनार्थ आपल्या वाफ्यातली पुनर्लागण दाखविली. आप्पा म्हणाले, “तुमचं बरं हाय भाऊसाहेब. तुमच्या कांद्याला भावच न्हाई, त्यो पडंल कशानं?”

याच आप्पांच्या नातवाने एकदा भाऊसाहेबांना फार मोठा धक्का दिला. २०२१ सालापासून ई-पीक पाहणी आली, आणि शेतकरी स्वतःच आपल्या पिकाचे छायाचित्र मोबाइलवर काढून सात-बारावर नोंद करू लागला. ज्या पीकपाहणीसाठी भाऊसाहेब उन्हातान्हात शिवार तुडवीत हिंडले, निदान हिंडले असे त्यांच्या रोजनाम्यात नमूद आहे, ती या मुलाने चहाचा कप खाली ठेवण्यापूर्वी उरकून दाखविली. भाऊसाहेबांनी अर्थातच आपल्या वाफ्याची नोंद करून पाहण्याचा आग्रह धरला. गट नंबर ३ हा त्यांच्या वहीखेरीज पृथ्वीतलावर कोठेच नसल्यामुळे ती नोंद झाली नाही. “यंत्राला अधिकार अभिलेखाचं ज्ञान नाही,” एवढे बोलून त्यांनी विषय संपविला.

आता मुख्य प्रकरणाकडे येतो. गेल्या एका हंगामात सर्व काही यथासांग जुळून आले होते. मका नव्हता, सावली नव्हती, मांजरीचा बंदोबस्त काट्यांनी केलेला होता. कांदा तयार झाला की पातीची मान आपोआप मोडून आडवी पडते, आणि निम्म्या माना पडल्या की तो काढणीस आला असे समजावे, असा नियम आहे. निम्म्या माना ही कल्पना भाऊसाहेबांना मनापासून पटते. कारण तीत मोजणी आहे. खोडदच्या परिसरात पसरलेल्या रेडिओ दुर्बिणीच्या ४५ मीटर व्यासाच्या ३० प्रचंड तबकड्या जितक्या एकाग्रतेने आकाशाकडे कान लावून असतात, तितक्याच एकाग्रतेने ते पहाटे उठून वाफ्यापाशी उभे राहत आणि पडलेल्या माना मोजीत. ‘पडल्या १९, उभ्या १२५’. ‘पडल्या ४३, उभ्या १०१’. पाणी त्यांनी नियमाप्रमाणे आधीच तोडले होते. ज्या दिवशी ७० झाल्या त्या दिवशी मी म्हणालो, “आता काढून टाका, दोहोंचा काय प्रश्न आहे?” त्यांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिले की, जणू मी सत्तर रुपये देऊन बहात्तरांची पावती मागितली असावी. “बहात्तर झाल्याशिवाय पन्नास टक्के होत नाहीत,” ते म्हणाले.

त्याच दिवशी दुपारी चारच्या सुमारास हडसरच्या बाजूने आभाळ काळे झाले.

अवकाळी पाऊस अर्धा तास पडला, पण वाफा तळ्यासारखा भरला आणि गारांनी पात चेचून टाकली. भाऊसाहेब डोक्यावर गोणपाट घेऊन, वाफ्याचा वरंबा हाताने फोडीत, पाण्याला वाट करून देत होते. वहिनींनी पडवीतून दोनदा हाक मारली आणि तिसऱ्यांदा त्या स्वतःच खुरपे घेऊन पावसात उतरल्या. दुसऱ्या दिवशी माना मोजण्याचे कारण उरले नव्हते. सगळ्याच आडव्या झाल्या होत्या. आठ दिवसांत पातीवर जांभळट चट्टे चढले, म्हणजे करपा आला, आणि कांदे काढले तेव्हा पुष्कळसे मानेशी मऊ लागले. चांगले होते ते पातीने झाकून तीन दिवस जाग्यावर सुकविले, इंचभर मान ठेवून पात कापली, पडवीत सावलीला पसरले, आणि बारा दिवसांनी वजन केले. वजन भरले ४ किलो २०० ग्रॅम.

त्या संध्याकाळी त्यांनी पैसेवारी काढण्यास समिती बसविली. अध्यक्ष ते, सदस्य मी आणि वहिनी. पूर्वीच्या काळी जिला आणेवारी म्हणत तीच ही. पिकाचे प्रत्यक्ष उत्पन्न प्रमाण उत्पन्नाशी ताडून पाहायचे, आणि ते पन्नास पैशांच्या आत आले तर टंचाई समजायची. हिशेब सरळ होता : दहा किलोंस चार किलो दोनशे, म्हणजे ४२ पैसे. भाऊसाहेबांनी आकडा लिहिला आणि लेखणी कागदावर तशीच धरून बसले. आप्पा योगायोगाने ओट्यावर होते.

“आप्पा,” भाऊसाहेब वर न पाहता म्हणाले, “त्या टंचाईच्या वर्षी तुमच्या गावची पैसेवारी मीच काढली होती.”

“व्हय की. बावन्न लिवली व्हती तुमी.”

“नजरअंदाज पैसेवारी होती ती.”

“सडकंवरनंच नजर टाकली व्हती,” आप्पा म्हणाले. त्यांच्या स्वरात राग नव्हता. जुन्या पावसाची हकीकत सांगावी तसे ते सांगत होते. “फटफटी बी बंद केली न्हवती.”

ओट्यावर कोणीच काही बोलले नाही. कचेरीच्या भाषेत नजरअंदाज म्हणजे डोळ्यांनी केलेला अंदाज, आणि घरच्या भाषेत नजरअंदाज म्हणजे डोळेझाक. दोन्ही अर्थ एकाच शब्दात किती निमूट नांदतात, हे मला त्या क्षणी प्रथमच कळले. ज्याने आपला प्रत्येक कांदा नावानिशी ओळखावा, ज्याने ७० आणि ७२ यांतील अंतर जीव गेला तरी सोडू नये, त्याच मनुष्याने एके काळी एका सबंध गावाचे शिवार इंजिन चालू ठेवून पाहिले होते. त्यात त्यांचा लोभ नव्हता, द्वेषही नव्हता. दुसऱ्याचे शेत दुरून नेहमी हिरवेच दिसते, इतकीच गोष्ट होती.

“खरी किती होती?” बऱ्याच वेळाने भाऊसाहेबांनी विचारले.

“आता कशाला, भाऊसाहेब,” आप्पा उठत म्हणाले. “च्या लई ग्वाड झालाय आज, वहिनींना सांगा.”

भाऊसाहेबांनी वहीत ४२ च्या पुढे पूर्णविराम दिला, आणि त्याखाली काहीतरी लिहून ती बंद केली. ते काय हे मी पुष्कळ दिवसांनी, ते राजगुरुनगरास गेले असताना, वहिनींच्या संमतीने पाहिले. गट नंबर ३ च्या पानावर, कारण नसता, आप्पांच्या गावाचे नाव आणि त्या वर्षाचा आकडा होता, आणि पुढे लाल शाईत एवढाच शेरा : ‘स्थळपाहणी झाली नाही.’

दरवर्षी आषाढ शुद्ध नवमीस, म्हणजे कांदेनवमीस, चातुर्मासापूर्वी कांदा-लसणाचा निरोपसमारंभ भाऊसाहेबांकडे होतो. पडवीतल्या हातभर बराखीतून मुद्देमाल बाहेर निघण्याचा वर्षातला हा एकच दिवस. वहिनी मासवडी करतात, आणि तिच्या सारणातला कांदा-लसूण गट नंबर २ आणि ३ मधला असल्याचे पानावर जाहीर केले जाते. एरवी पाहुण्यांच्या यादीत पहिले नाव विद्यमान तलाठ्याचे असते. त्या वर्षी पहिले नाव आप्पांचे होते, आणि त्यांना आणण्यासाठी भाऊसाहेब स्वतः एसटीने ओतूरकडे गेले, तेथे आप्पांच्या रानात उतरून बांधाबांधाने तास-दीड तास हिंडले, आणि चिखलाने भरलेल्या वहाणांनी परत आले. आप्पांनी जेवताना मासवडीची तारीफ केली; वाफ्याविषयी कोणी काही बोलले नाही.

जेवणे झाल्यावर रिवाजाप्रमाणे उरलेल्या कांद्यांचे वाटप झाले. आमच्या वाट्यास पाच कांदे आले. त्यांतील दोन जोडकांदे होते, ते भाऊसाहेबांनी चार धरले, आणि पोच म्हणून माझ्याकडून सात कांद्यांवर सही घेतली.